बॅटरी उतरली आणि डिकीही उघडेना: नव्या गाडीमालकांसाठी

पुण्यात कारची बॅटरी उतरते ती बहुतेक वेळा पार्किंगमध्ये, उभ्या उभ्या. आठवडाभर घरातले सगळे दुचाकीवर ये-जा करतात आणि कार कव्हर घालून खाली उभी असते. रविवारी सकाळी आजी-आजोबांना घेऊन निघायचं म्हणून किल्ली फिरवावी, तर सेल्फ उचलतच नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घ्यायची जंपर केबल आहे, पण ती डिकीत. डिकी बटणाने उघडणारी, म्हणजे तीही बॅटरीच्याच जिवावर. किल्लीने उघडायला जावं, तर कित्येक वर्षं न फिरवलेलं कुलूप जाम होऊन बसलेलं.

हे दोन वेगळे बिघाड वाटतात, पण पुष्कळदा एकातूनच दुसरा निघतो. डिकीचा खटका पुरता बसला नाही की आतला दिवा जळत राहतो. तो बल्ब साधारण ५ वॅटचा असतो. १२ व्होल्टवर तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला १० अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास, बॅटरीतली वीज मोजायचं माप). लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरच्या आसपास असते. शुक्रवारी रात्री सामान काढून डिकी अर्धवट लावली, तर रविवार रात्रीपर्यंत निम्म्याहून जास्त बॅटरी तो एवढासा दिवाच खाऊन टाकतो. म्हणून नुसती बॅटरी बदलून किंवा नुसतं कुलूप मोकळं करून थांबू नका, दोन्हीकडे बघा. आणि क्रम पाळा: आधी बिघाड ओळखायचा, मग बॉनेटकडून वीज द्यायची, आणि डिकीला हात सगळ्यात शेवटी.

आधी कान द्या

किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही, तर बॅटरी पुरती बसली आहे किंवा तिचं टर्मिनल (तार बॅटरीला आवळलेली असते ते टोक) सुटलं आहे. दिवे लागले, पण सेल्फ मारताच मंदावले आणि भराभर टकटकटक असा आवाज आला, तर बॅटरीत थोडा जीव शिल्लक आहे आणि जंपरवर गाडी बहुधा उठेल. एकच ठसठशीत 'टक' झाला आणि दिवे तसेच लख्ख राहिले, तर संशय सेल्फच्या मोटरवर घ्या. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तेव्हा मामला पेट्रोलचा किंवा स्पार्कचा असतो. तिथे पुन्हापुन्हा सेल्फ मारत राहिलात तर चांगली बॅटरीही संपेल.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत आणखी एक गोष्ट तपासायची. गाडी रिमोटला दाद देत नाही, पण आतला दिवा मात्र झकास लागतोय, तर गाडीची बॅटरी ठीक आहे आणि रिमोटमधला सेल संपलाय. बऱ्याच रिमोटमध्ये सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा चपटा सेल असतो, तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तोवर ब्रेक (मॅन्युअल असेल तर क्लचही) पूर्ण दाबून रिमोट त्या बटणालाच टेकवा आणि बटण दाबा. बहुतेक गाड्या अशाने सुरू होतात. रिमोटच्या पोटात एक बारीक धातूची किल्ली लपवलेली असते, ती बाजूची कळ दाबून बाहेर येते. बॅटरी मेलेल्या गाडीत शिरायचा तोच मार्ग. चालकाच्या दाराच्या हँडलवर कुलपाचं भोक दिसत नसेल तर ते टोपणाखाली दडलेलं असतं. आज संध्याकाळीच ही किल्ली काढून दार एकदा उघडून बघा, कारण न वापरलेलं हे कुलूपही डिकीच्या कुलपासारखंच जाम होतं.

आता बॉनेट. त्याची खिट्टी तारेने ओढली जाते, तिला वीज लागत नाही. बॅटरीची दोन्ही टर्मिनलं हाताने धरून पिळून बघा. ती तसूभरही हलता कामा नयेत. हललं तर बहुतेक गाड्यांत १० नंबरच्या पान्याने आवळता येतं, आणि कित्येकदा तेवढ्यावरच गाडी सुरू होते. टर्मिनलवर पांढरट, निळसर-हिरवी पूड साचली असेल तर वीज तिच्यातून नीट जात नाही. पेलाभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा आणि जुन्या टूथब्रशने लावा. फसफसून फेस येईल, ते आम्ल आणि सोडा भेटल्याचं लक्षण. पूड उडवू नका, फुंकर घालू नका आणि हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका. कोरडं पुसून टर्मिनल घट्ट बसवलं की वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. पावसाळ्यात ही पूड फार लवकर धरते.

टर्मिनल सोडवायचं असेल तर आधी काळं, म्हणजे निगेटिव्ह. लावताना उलट: आधी लाल, शेवटी काळं. गाडीचा सगळा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असतो. काळं लागलेलं असताना लाल टर्मिनल सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर पूर्ण बॅटरी पान्यातून शॉर्ट होते. पाना लालभडक तापतो आणि हातात अंगठी किंवा कडं असेल तर तेही. दागिने काढून ठेवा, गळ्यातली लोंबती चेन किंवा मंगळसूत्र आत सरकवा.

साधा मल्टीमीटर (व्होल्ट आणि अँपिअर मोजायचं छोटं यंत्र) प्रत्येक गाडीवाल्याच्या घरात असावा असं माझं ठाम मत आहे. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो सहज मिळतो. डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल तार पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला लावा. गाडी काही तास उभी असताना १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी उतरली, १२ च्या खाली गेली की चार्ज केल्याशिवाय भरवसा नाही. एकाला सेल्फ मारायला सांगून आकड्याकडे बघत राहा. ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे, मग उभ्या स्थितीत आकडा कितीही चांगला दिसो. वरच्या काचेतून दिसणाऱ्या हिरव्या-काळ्या ठिपक्यावर फार विसंबू नका. बॅटरीत सहा सेल असतात आणि तो ठिपका त्यातल्या एकाचीच खबर देतो.

जंपर लावताना

केबल विकत घेताना वरच्या प्लास्टिकच्या जाडीला भुलू नका. चिमट्याजवळ तार दिसते तिथे वाकवून बघा. बाजारात जाडजूड आवरणाच्या आत करंगळीहूनही बारीक तार घातलेल्या केबल भरपूर आहेत, सेल्फ मारला की त्या तापतात आणि गाडी उठत नाही. लहान पेट्रोल गाडीला तांब्याची किमान १६ चौरस मिलिमीटरची तार हवी, डिझेलला २५. बोहरी आळीत किंवा नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात आकार विचारून घ्या. ज्या दुकानदाराला आकार सांगता येत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

शेजाऱ्यांना विचारायला संकोच वाटतो, पण 'काका, पाच मिनिटं तुमची गाडी शेजारी लावता का?' म्हटलं की सोसायटीत कोणी ना कोणी खाली येतंच. त्यांची गाडीही १२ व्होल्टचीच असायला हवी. ट्रक-बसमध्ये २४ व्होल्ट असतात, टेम्पोवाले दादा कितीही आग्रहाने म्हणाले तरी मोठ्या ट्रकवरून कारला वीज घेऊ नका. इलेक्ट्रिक कारमधूनही घेऊ नका. तिच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, पण ती सेल्फ फिरवण्यासाठी बनवलेली नसते. तुमची बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळत असेल तर जंपर हा विषयच सोडा.

दोन्ही गाड्या एकमेकींना टेकणार नाहीत अशा उभ्या करा. गिअर न्यूट्रल (ऑटोमॅटिक असेल तर 'पी'), हँडब्रेक वर, एसी, दिवे, म्युझिक सगळं बंद, दोन्ही इंजिनं बंद. तुमच्या गाडीची चालकाकडची काच खाली करता येत असेल तर करा, नाहीतर दार उघडं ठेवा आणि किल्ली खिशात ठेवा. वीज परत आल्याबरोबर काही गाड्यांचं सेंट्रल लॉकिंग आपोआप बसतं, आणि किल्ली आत राहिली की एका अडचणीच्या दोन होतात. मग या क्रमाने:

१. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला.
२. लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला.
३. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला.
४. काळ्याचं शेवटचं टोक तुमच्या गाडीच्या इंजिनवर, न रंगवलेल्या जाड धातूला किंवा बोल्टला, बॅटरीपासून जमेल तितकं लांब.

चौथ्या पायरीत बरेच जण घाई करून काळा चिमटाही बॅटरीलाच लावतात. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटचं टोक जोडताना ठिणगी उडतेच. ती ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी उडू नये एवढ्यासाठी हा खटाटोप. कोणाच्या तोंडात सिगारेट असेल तर त्यांना आधीच बाजूला करा.

आता चांगल्या गाडीचं इंजिन सुरू करा आणि पाच मिनिटं चालू ठेवा. मग तुमची गाडी. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. तिसऱ्या प्रयत्नालाही काही घडलं नाही तर चिमटे जागच्या जागी थोडे चोळून फिरवा, कारण दोष बहुधा चिमट्याच्या पकडीत असतो. गाडी सुरू झाली की चिमटे बरोबर उलट्या क्रमाने काढा, आधी इंजिनावरचा काळा, शेवटी तुमच्या बॅटरीवरचा लाल. मधल्या काळात दोन चिमटे एकमेकांना शिवू देऊ नका.

काही महागड्या गाड्यांत बॅटरी डिकीतच असते. डिकी वीज नाही म्हणून उघडत नाही, आणि वीज द्यायची जागा डिकीत! घाबरू नका, अशा गाड्यांच्या बॉनेटखाली लाल टोपणाखाली एक पॉझिटिव्ह खुंटी दिलेली असते, अर्थिंगसाठी जवळच एक बोल्ट असतो. मॅन्युअलमध्ये जागा दाखवलेली असते.

धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीला चालतो. ऑटोमॅटिक आणि एएमटीला (क्लचचं पेडल नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीला) नाही. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, गाडी माणसाच्या धावण्याच्या वेगाला आली की क्लच झटक्यात सोडायचा आणि पकडल्याबरोबर पुन्हा दाबायचा. किल्ली ऑन करायला विसरलात तर स्टिअरिंग लॉक बसू शकतं. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा कडक लागतो आणि स्टिअरिंग जड होतं, म्हणून बेसमेंटच्या उतारावर किंवा गर्दीच्या गल्लीत हे करू नये. बॅटरी पार मेलेली असेल, एकही दिवा लागत नसेल, तर नव्या गाड्यांत धक्क्याचा उपयोगच होत नाही, कारण इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोलपंपालाही वीज लागतेच.

गाडी बायपासवर बंद पडली तर वेगळं वागायचं. कात्रज-देहूरोड बायपास हा राष्ट्रीय महामार्ग ४८ चा भाग आहे, आणि कात्रजच्या नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर जड वाहनांचे अपघात वारंवार झालेत. तिथे बॉनेट उघडून केबल जोडत उभं राहू नका. गाडी डाव्या कडेला घ्या, सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे न्या आणि १०३३ या महामार्ग मदत क्रमांकावर किंवा ११२ वर फोन करा. विमा पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर तो नंबर फोनमध्ये आधीच साठवलेला हवा. पॉलिसीचा कागद पुष्कळदा डिकीतल्या फाइलमध्येच असतो.

सुरू झाली, आता लगेच बंद करू नका

अल्टरनेटर, ज्याला जुने मेकॅनिक अजून डायनमो म्हणतात, तो बॅटरी राखण्यासाठी असतो. पार उतरलेली बॅटरी पोटभर भरणं त्याच्या एका फेरीत होत नाही. कोथरूडहून डेक्कनला सिग्नलमागून सिग्नल घेत, एसी, वायपर आणि हेडलाइट लावून गेलात तर बॅटरीच्या पदरात जवळजवळ काही पडत नाही. चांगल्या वेगाने पाऊण-एक तास चालवा, आणि जमलं तर त्याच रात्री चार्जरला लावा. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास, हा जुना आणि चांगला हिशेब. बॅटरीची दुकानं चार्जिंगला ठेवून घेतात.

इंजिन चालू असताना मल्टीमीटर लावा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर अल्टरनेटर काम करतोय. नव्या काही गाड्यांत तो गरजेप्रमाणे व्होल्टेज कमी करतो, म्हणून हेडलाइट लावून पुन्हा बघा. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि गाडी बंद पडते का बघायचं, ही तपासायची जुनी रीत आजच्या गाडीवर कोणालाही करू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि इंजिनचा कॉम्प्युटर जळू शकतो. ते नुकसान बॅटरीच्या किमतीच्या कित्येक पट असतं.

बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला, तरी दोन-तीन दिवसांत उतरतेच, तेव्हा गाडी बंद असताना कोणीतरी वीज पितंय. बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस, स्वस्तातली म्युझिक सिस्टीम हे नेहमीचे संशयित. निगेटिव्ह टर्मिनलची तार सोडवा, मल्टीमीटर १० अँपिअरवर ठेवून ते टर्मिनल आणि सोडवलेली तार यांच्या मध्ये जोडा, गाडी लॉक करा आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडला त्या वायरवर चोर आहे. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारायचा नाही.

डिकीचं कुलूप

गाडीत वीज आली की आधी बटणाने प्रयत्न करा, आणि करताना मागे कान लावा. मागून मोटरचा 'टक' ऐकू आला पण झाकण सुटलं नाही, तर खटका यांत्रिकदृष्ट्या अडकलाय. काहीच आवाज आला नाही तर फ्यूज, बटण किंवा वायर. नंबरप्लेटच्या वरचं रबराचं बटण उन्हाने चिकट होऊन आत दबलेलं राहतं, ही फार आढळणारी तक्रार. दुसरी जागा म्हणजे झाकण आणि गाडी यांना जोडणारी रबराची नळी. डिकी उघडताना-मिटताना त्यातल्या वायरी दर वेळी वाकतात आणि काही वर्षांनी आतल्या आत तुटतात. पार्किंगमधले उंदीर अशा ठिकाणच्या वायरी कुरतडतात ते वेगळंच.

'टक' येतोय पण सुटत नाही, तेव्हा दोन माणसं लागतात. एकाने चालकाच्या सीटजवळची खिट्टी ओढून धरायची किंवा बटण दाबायचं, दुसऱ्याने दोन्ही तळहातांनी झाकण खाली दाबायचं, अगदी वजन टाकून. झाकणाच्या कडेचं रबर ते सतत वर ढकलत असतं, त्या ताणाने खटक्याचा आकडा (हुक) खाली असलेल्या कडीवर घट्ट आवळला जातो. वरून दाबलं की ताण जातो आणि आकडा निसटतो. झाकण वर ओढत राहणारे नेमकं उलट करतात. जाम वाटणाऱ्या कितीतरी डिक्या एवढ्यावर उघडतात, म्हणून तेल-हातोडीच्या आधी हे करा.

नाही जमलं तर आतून. हॅचबॅकमध्ये मागची सीट आडवी करून टॉर्च घेऊन आत सरका. झाकणाच्या आतल्या प्लास्टिकवर खटक्याच्या समोर एक छोटं टोपण किंवा चीर असते. स्क्रू ड्रायव्हरने टोपण काढून आत दिसणारी छोटी पट्टी बाजूला सरकवली की खटका सुटतो. सेडानमध्ये काही गाड्यांची मागची सीट आडवी होत नाही, तिथे पाठ उघडावी लागते. ते काम मेकॅनिककडे सोपवा.

सीएनजीच्या गाडीचं वेगळं सांगतो. टाकी डिकीत असते, त्यामुळे मागून आत शिरायला जागा उरत नाही, आणि टाकीचा बंद करायचा व्हॉल्व्हही तिथेच असतो. गॅस गळला तर त्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचायलाच हवा. म्हणून अशा गाडीत जाम डिकी 'बघू पुढच्या सर्व्हिसिंगला' म्हणून ठेवू नका. आणि गॅसचा वास येत असेल तर बटण, जंपर, ठिणगी काहीही नको. गाडी मोकळ्या हवेत राहू द्या, लांब उभे राहा आणि ११२ वर फोन करा.

आता किल्लीचं भोक. पुण्यात एकीकडे बांधकामांची धूळ आणि दुसरीकडे चार महिन्यांचा पाऊस. धूळ आत बसते, पावसाचं पाणी ती भिजवते आणि आतल्या बारीक पिना गंजून घट्ट होतात. दसऱ्याला गाडी धुताना मागून मारलेला पाण्याचा झोतही थेट याच भोकात जातो.

किल्ली जोराने पिळू नका. आत तुटली तर कुलूपच बदलावं लागतं. गंज सोडवणारा स्प्रे घ्या, डब्ल्यूडी-४० किंवा तसला दुसरा. बारीक नळी भोकाच्या झडपेतून आत घालून दोन-तीन छोटे फवारे मारा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग किल्ली नुसती आत-बाहेर करा, फिरवू नका. बाहेर येताना ती तपकिरी पाणी घेऊन येईल. कापडाला पुसा, पुन्हा आत. पुसलेलं कापड जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत हे करत राहा. त्यानंतर हलक्या हाताने दोन्हीकडे थोडं थोडं, किल्ली मिलिमीटरभर बाहेर ओढून धरत फिरवून बघा. तरी फिरत नसेल तर घरातली दुसरी, न वापरलेली किल्ली आणा. रोजच्या किल्लीचे दात झिजलेले असतात आणि जाम कुलपाला ते पुरत नाहीत. डुप्लिकेट करायची तर त्या न झिजलेल्या किल्लीवरूनच करा, नाहीतर झीजच नव्या किल्लीत उतरते.

कुलपात खोबरेल तेल घालण्याची आपल्याकडे फार सवय आहे. घालू नका. साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजतं आणि डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या रात्री त्याहून कितीतरी थंड असतात. इंजिन ऑइलवर धूळ चिकटून लगदा होतो. स्प्रेसुद्धा गंज सोडवण्यापुरता. तो सुकला की कुलपात ग्रॅफाइटची पूड फुंकायची. ती नसेल तर मऊ शिशाची, ६ बी पेन्सिल किल्लीवर दोन्ही बाजूंनी घासून किल्ली आठ-दहा वेळा आत-बाहेर करायची. ओल्या तेलावर ग्रॅफाइट टाकू नका, त्याची पेस्ट होते. खटक्याच्या यंत्रणेला मात्र पांढरं लिथियम ग्रीस चालतं.

डिकी उघडली! आता ती लगेच लावू नका. उघड्या डिकीच्या खटक्यात स्क्रू ड्रायव्हरची दांडी घालून, झाकण लागल्यासारखं, आकडा आत ढकला. दोन टप्प्यांत 'कट्-कट्' असा आवाज यायला हवा. एकच आला तर आकडा अर्ध्यावर थांबलाय, आणि अशाच अर्धवट बसलेल्या खटक्याने आतला दिवा जळत राहतो. ग्रीस लावून पुन्हा करा. मग किल्लीने, खिट्टीने आणि बटणाने, तिन्ही प्रकारे आकडा सुटतो का बघा. तिन्ही चालल्याशिवाय झाकण मिटायचं नाही. आकडा नीट बसतोय पण झाकण लावताना जोर लागतो, तर खालची कडी सरकली आहे. तिचे दोन बोल्ट थोडे ढिले करून ती किंचित हलवायची आणि पुन्हा आवळायची.

नवी बॅटरी घेताना

पुण्याच्या उन्हाळ्यात बॅटरीचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. उष्णतेने आतल्या रासायनिक क्रिया वाढतात, आणि त्याचा परिणाम पहिल्या थंडीत दिसतो. तीन ते पाच वर्षं झाली असतील आणि वर सांगितलेल्या चाचणीत ती नापास झाली असेल, तर पुन्हापुन्हा चार्ज करण्यात पैसे घालवू नका. अँपिअर-अवर गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतील तेवढेच घ्या आणि पॉझिटिव्ह टर्मिनल उजवीकडे की डावीकडे ते जुन्या बॅटरीशी ताडून बघा. चुकीच्या बाजूची बॅटरी घेतली तर तारा पुरत नाहीत, आणि ओढून पुरवल्या तर उलट्या लागण्याचा धोका. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन असेल तर साधी बॅटरी चालणार नाही, वारंवार सुरू-बंद सोसणारी ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच लागते. बनवल्याची तारीख बघा, दुकानात सहा महिन्यांहून जास्त पडून राहिलेली नको. वॉरंटी कार्डवर शिक्का आणि तारीख तिथेच घालून घ्या. जुनी बॅटरी दुकानदारालाच द्या, तिचे पैसे बिलातून वजा होतात. तिच्यात शिसं आणि सल्फ्युरिक आम्ल असतं, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही.

बॅटरी काढण्याआधी, डिकी बटणानेच उघडणारी असेल तर ती उघडी ठेवा. नवी बसवल्यावर घड्याळ, रेडिओची स्टेशनं, काचांचं एका स्पर्शात वर जाणं हे पुन्हा सेट करावं लागतं, ते बिघाड नव्हे.

दिवाळीत गावी किंवा मे महिन्यात कोकणात दोन-तीन आठवडे जाणार असाल, तर निघताना निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवा. मात्र त्याआधी दार धातूच्या किल्लीने उघडतंय ना, याची खात्री करा. जंपर केबल, टॉर्च आणि १० नंबरचा पाना डिकीतून काढून चालकाच्या शेजारच्या सीटखाली ठेवा. लिथियमचा छोटा जंप स्टार्टर घेतला असेल तर तो मात्र मे महिन्यात गाडीत ठेवू नका, घरात ठेवा. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास चालवा. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या दहा मिनिटं इंजिन चालू ठेवल्याने सेल्फने खाल्लेली वीजही धड भरून येत नाही.

आता राहिला डिकीतला दिवा, तो खरंच विझतो का हे पाहणं. मागची सीट आडवी करून ठेवा, म्हणजे काही झालं तरी आत हात पोचेल. फोनवर व्हिडिओ सुरू करा, फोन डिकीत दिव्याकडे तोंड करून ठेवा, झाकण लावा, थोडा वेळ थांबून उघडा. झाकण लागल्यावर दिवा विझलेला दिसला तर ठीक. जळत राहिला असेल तर खटक्याचा दिव्याला जोडलेला स्विच बदलायला मेकॅनिककडे जा, आणि तोवर तो बल्ब काढून ठेवा.